मेलेल्या बाईच्या कानात

हॅलो?… हो बाई, मीच, रंजीता… नाई वं, काई नाई झालं मले! कोनं सांगतलं?… गिरजाबाईनं? तिनं लांबून पाह्यलं असन. रक्त नोहे ते, लाल रंग होता… आधी ऐक तं!

सावली गावच्या मैदानावर मिलिटरीच्या नर्सबायांची परीक्षा आहे. सीमेवर धाडाच्या आधी पाह्यतात, तयार झाल्या का नाई म्हनून. आमच्या बचत गटाच्या बाया जखमी झाल्या… हो, खोट्या-खोट्या… मले पोटात गोळी लागली.

माह्याकडं आली ते नाहीद. लेफ्टनंट… अवं, आपल्या कोरपन्याची पोरगी! पंचवीसची असन. ते एकटी, आन् आमी जखमी पाच. दहा मिनिटं फक्त. फटाके फुटून राह्यले, धूर… हो, हो… मी तं खरंच भेली. पन तिचा हात नाई हालला, बाई! पोटावर असा दाब देल्ला का मले कळच आली.

मंग परीक्षा घेनाऱ्या मोठ्या मॅडमनं माह्या छातीवर चिठ्ठी ठेवली. ‘श्वास थांबला’… म्हंजे मी मेली! डोळे मिटून पडाचं… तुले हासू येते? मले नाई आलं.

तिनं नाडी पाह्यली. हाताले काळी पट्टी बांधली. काळी म्हंजे इले सोडा, दुसरीले पाहा… दगडाच्या काळजाची नाई वं ते! बाजूले सोनीबाई होती, तिले वाचवाचं होतं ना… थांब, बोलू दे. जाता-जाता वाकली. माह्या कानात म्हने, “बाई, तुमी एकट्या नाई. मी इथीच आहे, मैदानात.” तोंडावरचं ऊन कपड्यानं झाकलं, आन् पळाली… अंगावर काटा आला माह्या. मेलेल्या बाईच्या अंगावर!

…नाई, पुढं ऐक. मॅडमनं सर्व्यांसमोर इचारलं, “ती गेली होती. चार सेकंद का घालवले?” पोरगी ताठ उभी. म्हने, “मॅडम, मरताना कान सगळ्यात शेवटी जातात. त्यांना ऐकू येत असेल.”

मॅडमनं घड्याळ पाह्यलं, कागद पाह्यला. मंग म्हने, “बाकी चौघी वाचल्या. तू तयार आहेस.”

…कुठी धाडतात ते नाई सांगत.

…मेल्याचं सोंग केलं तं अपशकुन कायचा वं? माय गेली तवा आपन दोघी बहिनी दवाखान्याबाहेर बाकड्यावर होतो. तिच्या कानात कोनी काई बोललं असन का?… हॅलो? बाई?… रडून राह्यली का?… नोको ना वं.

थांब, मॅडम हाक मारून राह्यली. आता दुसऱ्या नर्सबाईची पाळी… हो, मले पुन्हा मराचं आहे. ठेवते.