उंदीरमामाच्या कानातला दात

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा हं. देवाला सगळं ऐकू येतं ना? येतं! मग तुम्ही कुजबुजता कशाला? — बघा, माना खाली गेल्या! ओ काका, खांबाआड जाऊ नका, आख्यान तुमचंच लावलंय आज!

ऐका. एक तालुक्याचं गाव. नाव नाही सांगत, तिथले पाहुणे पहिल्या रांगेत बसलेत! गावात गणपतीचं देऊळ, आणि गाभाऱ्याबाहेर पितळेचा हा एवढा थोरला उंदीर. त्याच्या एका कानात आपलं मागणं सांगायचं, आणि दुसऱ्या कानावर हात दाबून धरायचा. का? तर मागणं पलीकडून सांडू नये! म्हणजे देवाच्या वाहनाच्या डोक्यात मध्ये काहीच नाही, अशी भक्तांची गाढ श्रद्धा!

त्या गावात सहा वर्षांची एक शाल्मली. तिचा पुढचा दात पडला. घरी पुण्याची आत्या आलेली. ती म्हणाली, "उशीखाली ठेव गं. टूथ फेअरी येते, परी! दात नेते आणि पैसे ठेवून जाते."

"आणि बदल्यात दुसरा दात?"

"तो नाही देत."

"मग आबांना काय उपयोग?"

आबा म्हणजे तिचे आजोबा. तोंडाचं पार बोळकं! कवळी आणली होती, ती टोचते म्हणून डबीत पडलेली. नात कुरूमकुरूम चकली खायची, आणि आबा तीच चकली चहात बुडवून चोखत बसायचे. पोरीला ते बघवत नव्हतं हो!

आजी म्हणाली, "परीबिरी सोड. आपल्यात दात उंदराच्या बिळात टाकतात. म्हणायचं — मामा, माझा घे, तुझा दे!"

ठरलं! पण बीळ आणायचं कुठून? सोसायटीत नुकतंच पेस्ट कंट्रोल झालेलं! मग तिला आठवला देवळातला उंदीर. पितळेचा, औषधानं मरायची भीती नाही! गेली तिथे. बघते तर मामाच्या तोंडात मोदक, दात ठेवायला जागाच नाही. मग काय केलं पोरीनं? दात घातला कानात! म्हणाली, "मामा, माझा घे, आबांना दे."

पुढे चतुर्थी आली. ही लांब रांग! पुजारी मोरूकाका चिंच लावून उंदीर घासत होते. कानात काडी घातली — खट्ट!

"अहो, मामाचा कान बंद आहे!"

देवस्थानचे अध्यक्ष रंगनाथशेठ ओरडले, "तरीच! महिनाभर सांगतोय, भावाचा कोर्टातला दावा बुडू दे म्हणून!" आणि भाऊ कुठे? मागेच, नारळ घेऊन उभा!

सुलभाकाकूंचंही भान सुटलं. "तरीच आमची सून कायमची माहेरी जात नाही!" सून शेजारीच, काकूंची पिशवी धरून! एक गुरुजी म्हणाले, "तरीच हेडमास्तरांची बदली होत नाही!" आणि त्यांना प्रसाद कोण देत होतं? हेडमास्तर!

"काढा आधी ते!" शेठ गरजले.

तेवढ्यात शाल्मली धावली आणि उंदराला मिठीच मारून बसली. "काढू नका! माझा दात आहे तो! आबांना अजून आले नाहीत!"

मंडळी, अख्ख्या गावानं त्या कानात नुसतं मागणं ओतलं. काही ठेवलं ते या एका पोरीनं, तेही दुसऱ्यासाठी! आणि आतला देव कोण? एकदंत! दात गेल्याचं दुःख त्याला तुम्ही सांगणार?

आबा रांगेतच होते. डोळ्यांत पाणी, आणि बोळकं हसतंय! "पोरी, मी खाईन गं चोखून. घे तो परत."

ती ऐकेना. मोरूकाकांनी काडी फेकून दिली. "दात तिथेच राहील. ज्याला मागायचंय त्यानं देवासमोर उभं राहून मोठ्यानं मागावं, सगळ्यांच्या देखत!"

काय सांगू मंडळी! चतुर्थीची रांग, पण चपला उलटसुलट घालून अशी पांगली! उरले एकटे आबा. ते गाभाऱ्यासमोर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "देवा, माझ्या नातीला लवकर दात येऊ दे!"

त्यांना कुजबुजायची गरजच नव्हती.

आता तुमची पाळी! देव समोर आहे, आणि हा घ्या माईक, चालू आहे. परवा इथल्या उंदराच्या कानात जे सांगितलंत ना, तेच इथे सांगा. या, कोण येतंय पहिलं?

...ओ खांबाआडचे काका! चपला नंतर शोधा!