एकहाती चालणारी गाडी

...नाही नाही, जाहिरातीच्या फोटोतली गाडी हीच. सूनबाईनं पुढं कुंडी ठेवून फोटो काढला ना, म्हणून टाकीचा पोचा दिसला नसेल तुम्हाला. या, सावलीत या — आणि सीटवर हात जपून, स्पंज जुन्या खुर्चीचा आहे, त्यात एखादा खिळाही खुर्चीचाच असेल. हसा, हसा. गॅरेजवालाही हसला होता. टाकीचं झाकण? ते साखरेच्या डब्याचं — तेव्हापासून मुंग्यांची चैन आहे आणि बोलणी मला. टाकी गळायची तिथं साबण थापलाय. कपड्याचा बरं का, अंगाचा टिकत नाही. स्टँड म्हणजे दाराची बिजागरी. ते दार? ते आता उचलून बाजूला ठेवतो आम्ही.

चालते का म्हणजे? धावते! आता तर एकट्यालाही चालवता येते. आधी दोघं लागायचे. रेसची केबल तुटली तेव्हा मी सुतळी बांधली थेट कार्बोरेटरला, आणि तिचं टोक काढलं मागच्या सीटवर — तिथं आमची ही बसायची, सुतळी बोटाला गुंडाळून. माझे दोन्ही हात हँडलला, कारण एक सोडला की गाडी गटार शोधते. मी म्हणायचो, ओढ — ती ओढायची. सोड म्हटलं की सोडायची. म्हणजे, मनात असलं तर. माझ्या पत्त्यांच्या मंडळींचा कट्टा आला की अशी ओढायची, की त्यांना हात करायचीही सवड नाही. आणि तिच्या बहिणीचं घर आलं की मी न सांगता सोडायची. सगळा जन्म मी पुढं बसलो, हो, पण गाडी कोण चालवत होतं ते तुम्हीच ठरवा. भांडण झालं तरी दुकानात जायचं तर दोघांनी जायचं. अबोला धरून जाणार कुठं? ओढ-सोड तर म्हणावंच लागायचं.

मग आता नवी केबल घातली की मी. तिच्या बोटाला घट्टा पडला होता, गार पाण्यात ते बोट ठणकायचं — बघवेना. गॅरेजवाल्याकडून गुपचूप बसवून आणली, दारातूनच ओरडलो, अगं, आता तुझी गरज नाही! बस्स. तेव्हापासून भांडी बोलतात, ती बोलत नाही. ऐकलंत? परात होती ती. मला वाटलं, पायपुसण्याला ग्रीस लागलं त्याचा राग असेल. विकायचंही तिनंच काढलं. सूनबाईला शेजारी बसवून जाहिरात सांगितली. मला कुठं वाचता येतं? मी म्हटलं, लिहिली असेल काहीतरी.

काय? एकहाती? म्हणजे एकाच मालकाची? छे हो, माझ्याआधी कितीजणांनी पिळलीय तिला. असं कुठं लिहिलंय? वाचा बरं. चष्मा नको मला, तुम्ही वाचा — मोठ्यानं नको, इतकंच. 'गाडी आता एकहाती चालते. मागं कुणाची गरज लागत नाही.'

असंच आहे? पुन्हा वाचा.

...हे सूनबाईचं नाही. हे हिच्या तोंडचं आहे. अहो, मी बोट सोडवलं तिचं. तिला वाटलं, मी तिलाच सोडलं. आणि मी शहाणा, पायपुसणं धुऊन वाळत घातलं!

ती पक्कड द्या जरा. ती नाही, लाल मुठीची. काय करतोय म्हणजे? तोडतोय. नवी आहे तर असू दे — हं, तुटली. भाव कसला करताय आता, विकायची नाही गाडी. बोटाला फडकं गुंडाळून देईन मी, ते आधी सुचायला हवं होतं. अहो, लांबून आलात ते कळतंय मला, पाणी प्या आणि निघा — आणि तिच्यासमोर हसू नका — अगं ए! जरा बाहेर येतेस का? केबल तुटली गं! — जा हो तुम्ही, उभे काय राहिलात!