सरदारणीची सही

डायलिसिसचं मशीन रिकामं व्हायला अजून अवकाश होता. आजी डोळे मिटून बसली होती. समोरच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"हे केंद्र बंद होणार म्हणे. आत्ताच टीव्हीवर सांगितलं."

"काहीतरीच. कोण बंद करतंय?"

"सरकार. आदेशाखाली सही आपल्या सरदारणीची."

"अगं, नगरसेविका असताना तिनंच भांडून आणलं ना हे?"

"तेव्हा नगरसेविका होती. मग खासदार झाली. आता आरोग्यमंत्री आहे बाई."

"ओढणी कमरेला खोचून ह्या भिंती रंगवल्यात तिनं, माझ्यादेखत. हातातलं ते शिखांचं कडं रंगाच्या डब्यावर वाजायचं. नगरपालिकेत म्हणे तिनं टेबलावर कडं आपटलं की भले भले गप्प व्हायचे."

"आता टेबल मोठं झालंय."

"आणि आपली माणसं कुठं जाणार?"

"मोठ्या शहरात. बसनं."

"माझा नवरा बसमध्येच आटोपेल."

"हळू बोल, लोक बसलेत."

आजीनं ओढणी ओढून मनगटातलं कडं झाकलं. मायलेकींनी एकाच दिवशी जोडीनं घेतलेलं होतं ते.

"आजी, तुम्हीही इथल्याच ना? बंद झाल्यावर तुम्हाला कोण नेणार?"

"मुलगी आहे."

"मग तिला आजच सांगून ठेवा."

"सकाळीच फोन आला होता तिचा. जेवलीस का, विचारलं."

आजीनं ओढणीखालचं कडं चाचपलं.

"बाकी काही बोलली नाही."