प्रार्थनेत वाजलेलं पेपरमिंट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या चर्चचे पाद्री हाइलकेमासाहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय नगराध्यक्ष, हैफाहून एवढा लांबचा प्रवास करून आलेली सेल्मा, जिच्यासाठी आपण जमलो त्या सिस्टर फ्राउक्ये, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून खिडकीत टेकलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

दुकानदार त्यालिंग बोलायला उठला की दोन गोष्टी ठरलेल्या. एक, हसायला मिळणार. दोन, कॉफी गार होणार. आज दुसरी नक्की होईल, पहिलीची हमी देत नाही.

सिस्टर पस्तीस वर्षं या गावाच्या परिचारिका होत्या. इथे बसलेल्या अर्ध्या माणसांना जगात आल्याबरोबर पहिली चापट त्यांनीच मारलीय. काहींना आणखी दोन मारायला हव्या होत्या, असं त्या अजून म्हणतात. वारा असो, बर्फ असो, सायकलवर काळी पिशवी लटकवून बाई निघालीच. पण नगराध्यक्षांनी आत्ता जे मानपत्र वाचलं, ते बाळंतपणांबद्दल नाही. ते त्रेचाळीस सालाबद्दल आहे, इथे जर्मनांचा अंमल होता तेव्हाच्या. सिस्टरने आपल्या घरात दोन ज्यू बहिणी ठेवल्या होत्या, दहा वर्षांची सेल्मा आणि साडेपाच वर्षांची रोशे. रॉटरडॅमच्या भाच्या, बॉम्बमध्ये घर गेलेल्या, असं सांगून ठेवल्या होत्या. मानपत्रात पुढे एक वाक्य आहे, "दुर्दैवाने धाकटीला वाचवता आलं नाही." दुर्दैवाने! मंडळी, त्या दुर्दैवाला नाव आहे, आणि ते तुमच्यासमोर कोट घालून उभं आहे.

थांबा, पाद्रीसाहेब. बसतो नंतर. आधी बोलू द्या.

बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो, आमच्या चर्चमध्ये पेपरमिंटची एक रीत आहे. प्रार्थना संपते, पाद्रीसाहेब प्रवचनाचं पहिलं वाक्य बोलतात, आणि मग बाकाबाकांवरून पुडी फिरते. त्याच्या आधी कोणी तोंडात टाकत नाही. आणि चावायचं तर मुळीच नाही, चघळायचं. हे कोणी शिकवत नाही, आईच्या मांडीवर बसूनच कळतं. त्या वर्षी साखर रेशनवर, त्यामुळे एका पेपरमिंटचे दोन तुकडे करायचो. सिस्टरने रोशेला घरूनच अर्धा तुकडा हातात देऊन आणलं होतं. पोरीने किती महिन्यांत गोड खाल्लं नव्हतं, देव जाणे. सगळे डोळे मिटून उभे, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि मधेच, कडाम!

मी डोळे उघडले. पोरगी गाल फुगवून चावत होती. सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मला माहीत होतं का ती कोण होती ते? होतं. अर्ध्या गावाला होतं. म्हणूनच कोणी बोलत नव्हतं. आणि मी? सोमवारी माझ्या दुकानात शहराकडचा एक पोलीस तंबाखू घ्यायला आला. चांगला हसरा माणूस. दुकानात चार गिऱ्हाइकं, आणि माझ्या जिभेला खाज. मी म्हणालो, "अहो, रॉटरडॅमला घरांबरोबर पेपरमिंटची रीतही जळाली वाटतं! काल एका भाचीने प्रार्थनेतच फोडलं की!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने तो हसला. म्हणाला, "कुणाची हो भाची?" आणि मी सांगितलं. हसत हसत घरसुद्धा दाखवलं.

बुधवारी पोलिसांची गाडी आली. सिस्टर एका बाळंतपणाला गेल्या होत्या, पिशवी धरायला सेल्मा बरोबर होती. रोशेला ताप होता म्हणून ती घरी निजली होती. परत आल्या तेव्हा अंथरूण अजून गरम होतं, असं सिस्टर सांगतात. तिला पोलंडला नेलं. तिथून ती परत आली नाही.

मग गावाने विचारायला सुरुवात केली, कोण बोललं? त्या सकाळी त्या घरी कोण गेलं होतं? दूधवाला रिन्से. दूध जास्त लागतंय हे कुणाला माहीत होतं? रिन्सेला. झालं, ठरलं! कुणी पुरावा मागितला नाही. मीही नाही मागितला. उलट मान डोलावली. रिन्से महिनोन्‌महिने काही न विचारता त्या घरी एक माप जास्त ओतत होता, हे आत्ता आठवड्यापूर्वी सिस्टरच मला म्हणाल्या. त्यानंतर बावीस वर्षं चर्चमध्ये रिन्से आणि त्याची बायको बाउक्ये शेवटच्या बाकावर बसले, आणि त्या बाकापर्यंत पुडी कधी पोचली नाही. चार वर्षांपूर्वी तो गेला. खांदा द्यायला शेजारच्या गावाहून माणसं आणावी लागली. मी दुकान उघडं ठेवलं होतं.

गेल्या मंगळवारी मी सिस्टरकडे गेलो आणि सगळं ओकलो. त्या बटाटे सोलत होत्या. सुरी खाली ठेवली. मला वाटलं, हाकलून देतील. म्हणाल्या, "त्यालिंग, बावीस वर्षं मी रिन्सेच्या हातचं दूध घेतलं नाही. रस्त्यात त्याच्याकडे पाहिलं नाही. आता मी काय करू, सांग ना!" मी रडायला लागलो, तर म्हणाल्या, "इथे रडू नकोस. माझ्या स्वयंपाकघरात बोलून बाउक्येला काय उपयोग? हॉलमध्ये बोल. आणि माझं कौतुक जरा कमी कर."

कौतुक कमी केलंय, सिस्टर.

सेल्मा, तुझ्याकडे बघायची माझी हिंमत नाही, तरी बघतोय. तू आत्ता उठून गेलीस तरी तुझं बरोबर आहे.

केक करणाऱ्या बायकांचे आभार. हॉल दिल्याबद्दल चर्चचे आभार. शेवटी दरवेळी मी म्हणतो, बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आज ते तोंडून निघत नाही. माझ्या कमीजास्त बोलण्याने एक पोर गेली आणि एक भला माणूस गावाने जिवंतपणी पुरला. ते पोटात घालायला मी कुणाला सांगू?

बाउक्ये, तू तिथे दाराशी बसलीयस, मला दिसतेयस. रविवारी मी शेवटच्या बाकावर येईन. प्रार्थना संपली की पुडी आधी तुझ्यापुढे धरीन. तू हात पुढे केला नाहीस तरी चालेल, तुझा हक्क आहे तो. मी पुढच्या रविवारीही येईन.