पोळ्याची फुकट चित्रं

आमच्या शाळेतल्या सुशीलाबाईंचा वर्ग पाहिला, की माझा नुसता जळफळाट व्हायचा. कोणताही सण असो, त्यांच्या भिंतीवर त्याची रंगीत चित्रं. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा त्यांच्याच दारात. पोळ्याआधी न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "इतवारीतला कॅलेंडरवाला जुनी चित्रं मास्तरीणबाईंले फुकट देते वं."

रविवारी मी इतवारीत गेले. दुकानदार म्हणाला, "बैलांची चित्रं सुशीलाबाई कालच घेऊन गेल्या जी."

वाटलं, मुद्दामच केलं बाईनं.

"तुम्ही त्यांच्याच शाळेच्या का?" त्यानं एक गुंडाळी पुढे केली. "मग हे घ्या. चांगली चांगली तुमच्यासाठी ठेवून गेल्या."

आता त्यांना नावं ठेवायचीही सोय राहिली नाही.