वहिनींची तपासणी

डॉक्टरांसमोर माझी वाचा बसते, हे तुम्हांला ठाऊकच आहे; पण त्यापायी एकदा काय झालं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा आम्ही मुरुमला होतो. वहिनींना महिनाभर खोकला होता आणि रोज संध्याकाळी ताप चढायचा. पण परक्या पुरुषानं सुनेला तपासायचं, हे अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मान्य नव्हतं. मला म्हणाले, "तू कॉलेजात शिकलीस. लक्षणं नीट सांग अन् औषध घेऊन ये."

मी वाटभर घोकत गेले. "खोकला आहे, संध्याकाळी ताप येतो," एवढं म्हणते तोच डॉक्टरांनी माझ्याच पाठीवर नळी टेकवली. मी इतकी दचकले की 'मी नव्हे, वहिनी' हे शब्द घशातच राहिले. "श्वास घ्या," म्हणाले, मी घेतला.

"छाती स्वच्छ आहे, तापही नाही. तुम्ही शिकलेल्या मुली उगीच धास्ती घेता," असं म्हणून त्यांनी मला हसत वाटेला लावलं.

घरी अण्णांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"काही झालं नाही म्हणाले. पण अण्णा, त्यांनी मला तपासलं!"

"मग काय बिघडलं? लक्षणं तिचीच सांगितलीस ना?"

मी पुढं काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "देवीच पावली बाई! मी उगाच लई घाबरले होते."

आणि तोंडाला पदर लावून खोकत त्या चुलीपुढं भाकरी थापायला बसल्या.