‘लाल दुर्बीण’चा हिरो

रविकांत : नाही म्हणजे नाही, मुक्ताबाई. तंबूत काय दाखवायचं ते दाखवा. मी येणार नाही.

मुक्ताबाई : आवो, जत्रा कमिटीनं मला धाडलंय. अख्ख्या देवळालीत शिनेमाचा हिरो झालेलं मानूस एकच. तुमच्यासाठी तर ‘लाल दुर्बीण’ लावलाय. आता नारळ कुनाच्या हातात देऊ?

सुचित्रा : सकाळपासून येरझाऱ्या चालल्यात. कपाटातले सगळे सदरे पलंगावर आलेत. बसा हो एका जागी.

रविकांत : काल मोबाईलवर पाहिला मी. इतक्या वर्षांनी. शत्रूचं मुख्यालय म्हणून साखर कारखान्याचं गेस्ट हाऊस, मागून उसाची बैलगाडी चाललीय. आणि मी हेर. लोट्यात तोंड घालून दिल्लीला संदेश देतोय. पोरं लोळतील हसून.

सुचित्रा : मिशीही सुटत आली होती एका बाजूनं.

रविकांत : ऐका. आणि पुढे काय केलं मी? इन्स्पेक्टर, तोही सगळं संपल्यावर येणारा. मग मालिकेत भिंतीवरचा फोटो.

सुचित्रा : हार मात्र रोज ताजा असायचा.

मुक्ताबाई : फोटोचं मला ठाव न्हाई. पन ‘लाल दुर्बीण’ आमी बायांनी लई येळा पाह्यलाय. तवा तंबूत बापय पडद्याच्या म्होरं बसायचे, आमी बाया माघारी. तिकडनं नाव उलटं दिसायचं, पन आमाला वाचता कुठं येत हुतं? आमी तुमाला ‘डावखुरा’च म्हनायचो.

रविकांत : डावखुरा?

मुक्ताबाई : व्हय की. पिस्तूल डाव्या हातात, जेवन डाव्या हातानं. माझा सहादेव बी तसलाच. शाळंत मास्तर त्या हातावर छडी मारायचे, घरात सासू त्यो हात फडक्यानं बांधून ठेवायची. मी त्याला तंबूत नेला. म्हनलं, बघ, सरकारनं सगळ्या देशातनं हेर निवडला, त्यो बी डावखुरा. तवापासनं पोरगं हात लपवायचं थांबलं.

सुचित्रा : अहो, पण हे तर उजव्या...

रविकांत : सुचित्रा, चहा टाक ना जरा.

मुक्ताबाई : चा नको. सोनईला वर्कशॉप हाय आता त्याचं. बायकापोरं घेऊन आलाय, तुमाला एकदा बघायचं म्हनून. तुमी आला न्हाई, तर त्याला काय सांगू मी?

रविकांत : बसवलंय कुठे त्याला?

मुक्ताबाई : म्होरंच, सतरंजीवर.

रविकांत : तिथून उठवा. पडद्यामागे बसू सगळे, तुमच्या जुन्या जागेवर. माझी खुर्चीही तिकडेच टाका.

मुक्ताबाई : तिकडं तर आता कुनीच बसत न्हाई.

रविकांत : मग गर्दी नसेल. व्हा तुम्ही पुढे, मी सदरा घालून आलोच.

सुचित्रा : गेल्या त्या. आता हात इकडे करा. तो नाही, उजवा. घड्याळ त्या मनगटावर बांधते.